पोथी, खानेसुमारी आणि पाहणी : मराठी मुलखातील समाजशास्त्र

समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून मुंबई विद्यापीठात १९१९ साली सुरू झाला. त्याच्या दोन वर्षे आधी कलकत्ता विद्यापीठात त्याचे अध्यापन सुरू झाले होते आणि दोन वर्षांनंतर, १९२१ मध्ये, लखनौला राधाकमल मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला. युरोपात या शास्त्राला नाव देणारा ओग्युस्त कोंत हा फ्रेंच राज्यक्रांतीने विस्कटलेल्या समाजाची घडी समजून घेऊ पाहत होता. पुढे कारखाने, शहरे आणि मजूरवर्ग हे तिथल्या समाजशास्त्राचे मुख्य विषय झाले. भारतात हे शास्त्र आले तेव्हा त्याच्या पुढ्यात निराळा ऐवज होता : जात, एकत्र कुटुंब, बलुतेदारीवर चालणारे गाव आणि या सगळ्यांवर राज्य करणारी परकी सत्ता.

हा समाज समजून घेण्याचे तीन मार्ग अभ्यासकांपुढे होते. पहिला पोथीचा, म्हणजे धर्मशास्त्रात जे लिहिले आहे त्यानुसारच लोक वागतात असे धरून चालण्याचा. दुसरा खानेसुमारीचा, म्हणजे माणसांना रकान्यांत बसवून मोजण्याचा. तिसरा पाहणीचा, म्हणजे वस्तीत जाऊन, लोकांना विचारून आणि त्यांच्यात वावरून टिपणे काढण्याचा. मराठी मुलखातील समाजशास्त्र या तिन्ही मार्गांनी गेले. पाहणारा माणूस बदलला की दिसणारा समाजही बदलतो, हा या शंभर वर्षांच्या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

सरकारी नोंदी

विद्यापीठात विभाग निघण्याच्या कितीतरी आधी समाजाची नोंद सरकारी कचेऱ्यांत होऊ लागली होती. १८५७ च्या उठावानंतर प्रजेची बारकाईने माहिती ठेवणे इंग्रज सरकारला निकडीचे वाटू लागले. १८७१-७२ मध्ये पहिली शिरगणती झाली. ती सगळीकडे एकाच वेळी झालेली नव्हती. देशभर एका वेळची शिरगणती १८८१ पासून सुरू झाली. याच काळात जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड निघू लागले. जिल्ह्यातील प्रत्येक जातीची घरे कशी असतात, अंगावर काय असते, ताटात काय असते, बारसे व लग्न कसे होते याची तपशीलवार वर्णने त्यांत आहेत. आजही ते खंड अभ्यासकाला उपयोगी पडतात. मात्र त्यांत प्रत्येक जातीला एखाददुसरे विशेषणही चिकटवलेले असते : अमुक कष्टाळू, तमुक काटकसरी, तिसरे भांडखोर. असे विशेषण एकदा सरकारी पुस्तकात छापले गेले की त्याला कायद्याचे बळ मिळायला वेळ लागत नसे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले.

१९०१ च्या शिरगणतीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक प्रांतातील जाती त्यांच्या सामाजिक मानाप्रमाणे वरपासून खालपर्यंत क्रमाने लावायचे त्यांनी ठरवले. शिवाय नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून जातीचा वंश ओळखता येतो असे त्यांचे मत होते. या क्रमवारीचा परिणाम त्यांच्या अपेक्षेबाहेरचा झाला. आपला क्रमांक वर लागावा म्हणून जातीजातींच्या सभा भरल्या, अर्ज गेले, वंशावळी शोधल्या गेल्या आणि नवी नावे घेतली गेली. जात मोजण्यासाठी काढलेल्या तक्त्यानेच जातीची जाणीव टोकदार केली.

आतून पाहणारे

सरकारी नोंदींशी समांतर अशी दुसरी परंपरा मराठीत होती. तिच्यातल्या लेखकांनी स्वतःला समाजशास्त्रज्ञ म्हणवले नाही, पण त्यांचे काम त्याच जातीचे होते. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जातिव्यवस्थेकडे सत्तेचा व्यवहार म्हणून पाहिले. पुढे १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी कुणब्याच्या घरातल्या फाटक्या वाकळेपासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत शोषणाची साखळी दाखवली. त्यांच्या लेखी अज्ञान, कर्ज, सरकारी खाती आणि भटशाही हे चार वेगवेगळे प्रश्न नव्हते. एकाच यंत्राचे ते भाग होते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली निघाला. महसुली कामाच्या निमित्ताने गावोगाव फिरलेल्या माणसाची नजर या पुस्तकात आहे. वतनदार पाटील-कुळकर्णी, बारा बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते आणि सावकार यांचे हक्क व मानपान आत्रे बारकाईने नोंदवतात. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याची वाटणी कशी होते हे त्यांतले एक मोठे प्रकरण. सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, कुंभार असे कारूनारू थोरल्या, मधल्या व धाकट्या ओळीत विभागलेले असत आणि ओळीप्रमाणे त्यांच्या बलुत्याचे माप ठरे. गावाला ज्याची गरज जास्त, त्याची ओळ थोरली. पण गरज थोरली म्हणून मान थोरला मिळे असे नाही, हे त्याच खळ्यावर दिसे. महार थोरल्या ओळीत असला तरी त्याच्या पदरात धान्य लांबूनच पडे. आत्रे यांनी त्याआधी १९११ मध्ये ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही लिहिले होते. त्या पुस्तकाच्या नावातच त्या काळच्या सरकारी नजरेची छाप उमटलेली आहे.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. पुढे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्धीस नेणारे ते हेच केतकर. त्यांनी जातीची दोन लक्षणे सांगितली : सभासदत्व जन्माने मिळते आणि जातीबाहेर लग्न करता येत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ही व्याख्या हाती घेऊन पुढचा प्रश्न विचारला. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. केतकरांची दोन लक्षणे म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. बाहेर लग्नच होत नसेल, तर सभासद जन्मानेच मिळणार.

त्यांची पुढची मांडणी गणितासारखी आहे. एखादा गट आतल्या आतच लग्ने करू लागला की त्यातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. नवरा वारला की एक बाई ‘जादा’ होते आणि बायको वारली की एक पुरुष जादा होतो. जादा बाईला गटाबाहेर जाऊ द्यायचे नसेल, तर तिला चितेवर चढवणे किंवा सक्तीने विधवा ठेवणे हे दोनच उपाय उरतात. जादा पुरुषावर ब्रह्मचर्य लादणे कठीण, म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी राखून ठेवायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींमागे अंतर्विवाह टिकवण्याची गरज आहे, असा निष्कर्ष यातून निघतो. ब्राह्मणांनी आपले दार आधी लावून घेतले आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले किंवा त्यांना दार बंदच आढळले, असे त्यांनी पुढे सांगितले. रिस्लींच्या नाकाच्या मापांची या विवेचनाला गरज उरली नाही. शिवाय जातीचा प्रश्न हा स्त्रीच्या देहावरच्या ताब्याचा प्रश्न आहे हे सूत्र त्यात आले होते. विद्यापीठीय समाजशास्त्राने ते पुरते उचलायला पुढे कित्येक दशके घेतली.

एका खेड्याचे मोजमाप

पाहणीची शिस्त मराठी मुलखात आणण्याचा मान मोठ्या प्रमाणात एका शेतकी शास्त्रज्ञाकडे जातो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा जमीन व मजुरीच्या अंगाने अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये तिथे सरासरी खातेदाराकडे ४० एकर जमीन होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान होते. वाडवडिलांच्या प्रत्येक शेतात प्रत्येक भावाला वाटा मिळाला पाहिजे या न्याय्य वाटणाऱ्या रिवाजाने नांगर वळवायलाही जागा उरू दिली नव्हती.

मान यांचे निष्कर्ष पुढे तुकडेबंदीच्या चर्चेत वारंवार आले. त्यांचा खरा परिणाम मात्र पद्धतीवर झाला. एक गाव घ्यायचे, त्यातले प्रत्येक घर विचारायचे आणि मगच बोलायचे, हा शिरस्ता त्यांनी घालून दिला. ना. गो. चापेकर यांचे १९३३ चे बदलापूरवरील पुस्तक हे याच वळणाचे मराठीतले मोठे काम होय. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली अशा पाहण्यांची परंपराच उभी केली. मान यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. त्या ७२९ तुकड्यांच्या जागी आता सदनिकांचे मजले उभे आहेत.

गेडिस आणि शहर

मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मुळात ते जीवशास्त्रज्ञ, पण नगररचनाकार म्हणून नावाजलेले. १९१४ मध्ये भारतात आल्यापासून त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. कोंदट वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याची त्या वेळची सरकारी रीत त्यांना नापसंत होती. पडके घर तेवढे काढावे, बुजलेली विहीर मोकळी करावी, दोन घरांमधल्या जागेत झाड लावावे आणि माणसे आहेत तिथेच राहू द्यावीत, असे त्यांचे धोरण होते.

होळकरांच्या इंदूरमधला त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. शहरात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दरबाराकडून एक दिवसाचे ‘महाराज’पण मागून घेतले आणि दिवाळीला मिरवणूक काढली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती आणि स्वच्छ कपडे घातलेले, झाडूला माळा बांधलेले सफाई कामगार मानाने चालत होते. मिरवणूक सर्वांत स्वच्छ भागातून जाणार असे आधी जाहीर झाल्याने लोकांनी आपापल्या गल्ल्या झाडून काढल्या, घरे दुरुस्त केली, रंगवली. नोटिसा आणि दंड यांनी न झालेले काम एका सणाने झाले. समाजाच्या रिवाजांचा आधार घेऊनच समाजात बदल घडवता येतो हे या प्रयोगाचे सूत्र होते. स्थळ, काम आणि लोक या तिघांचा एकत्र विचार करावा, असे ते मुंबईत शिकवत. १९२४ मध्ये ते मुंबई सोडून गेले.

घुर्ये यांचा विभाग

गेडिस यांच्यानंतर विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. १८९३ मध्ये मालवणला जन्मलेले घुर्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृत शिकलेले. मुंबई हे नागरी केंद्र या विषयावर गेडिस यांच्यासाठी लिहिलेल्या निबंधामुळे त्यांना विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजला त्यांनी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स आणि रिव्हर्स वारल्यावर ए. सी. हॅडन यांच्या हाताखाली काम केले. १९२४ ते १९५९ अशी पस्तीस वर्षे ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख होते. भारतीय समाजशास्त्राच्या दुसऱ्या पिढीतील बरीचशी माणसे या एका विभागातून बाहेर पडली.

१९३२ मध्ये निघालेल्या त्यांच्या जात व वंश यांवरील इंग्रजी ग्रंथात जातिव्यवस्थेची सहा लक्षणे आहेत : समाजाचे खंडशः विभाजन, उच्चनीचतेची उतरंड, रोटी व इतर व्यवहारांवरील बंधने, काही जातींवरील नागरी व धार्मिक निर्बंध व काहींचे विशेषाधिकार, व्यवसाय निवडीच्या स्वातंत्र्याचा अभाव आणि बेटीव्यवहारावरील बंधने. पदवीच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत आला आहे. ग्रंथाचे मोल मात्र यादीपुरते नाही. रिस्लींचीच मोजमापे पुन्हा तपासून घुर्ये यांनी दाखवले की शरीराची ठेवण आणि जातीचा दर्जा यांची जोडी आजच्या उत्तर प्रदेशाच्या पट्ट्याबाहेर जुळत नाही. मुंबई इलाख्यात तर नाहीच नाही. शिरगणतीतील जातीच्या क्रमवारीने जातिभावनेला खतपाणी घातले, अशी टीकाही त्यांनी त्याच ग्रंथात केली.

घुर्ये यांची बैठक संस्कृत ग्रंथांची. ते स्वतः फारसे वस्तीत राहिले नाहीत, पण विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी चारी दिशांना पाठवले. आदिवासींच्या प्रश्नावर मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्याशी झालेला त्यांचा वाद गाजला. आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपावे, असा एल्विन यांचा आग्रह होता. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना मागास हिंदू म्हटले आणि त्यांना वेगळे ठेवण्यास विरोध केला. त्या वेळी या मताला राष्ट्रवादी वळण होते; पुढच्या अभ्यासकांनी त्यातला बहुसंख्याकांचा दृष्टिकोन दाखवून दिला.

पोथीच्या माणसाने पाहणीची कास धरल्याचे सुरेख उदाहरण म्हणजे घुर्ये यांचे १९६० चे लोणीकंदवरील पुस्तक. पेशवाई बुडाल्यानंतर लगेचच डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज शल्यवैद्याने पुणे-नगर वाटेवरच्या या गावाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले होते. लोकांची घरे, शेतीची अवजारे, जेवण, कपडे आणि कर्ज या सगळ्यांची नोंद त्यात होती. सव्वाशे वर्षांनंतरचे तेच गाव घुर्ये यांनी त्या वर्णनाशेजारी ठेवून पाहिले. भारतीय खेडे जैसे थे राहते ही समजूत अशा तुलनेपुढे टिकत नाही.

डिसेंबर १९५१ मध्ये घुर्ये यांच्या पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि १९५२ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. १९३६ मध्ये मुंबईतच समाजकार्याची सर दोराबजी टाटा पदव्युत्तर शाळा सुरू झाली होती. तिलाच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. नागपाड्यात वस्तीकाम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. एका बाजूला विद्यापीठाचा संशोधन विभाग आणि दुसऱ्या बाजूला वस्त्या, कामगार व कुटुंबकल्याण यांसाठी माणसे तयार करणारी संस्था, अशी शास्त्राची दोन्ही अंगे मुंबईत उभी राहिली.

नात्यांचा नकाशा

घुर्ये यांच्या विद्यार्थिनींपैकी मराठी वाचकाच्या सर्वांत जवळच्या इरावती कर्वे. १९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंचे नाव तिथल्या नदीवरून ठेवलेले. मुंबईला १९२८ मध्ये त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. बर्लिनला मानवशास्त्राची डॉक्टरेट घेतली. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र विभाग चालवला. कवट्यांच्या मोजमापापासून महाभारतापर्यंत त्यांचा संचार होता. खेड्यापाड्यांत मुक्काम करून त्यांनी नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम आणि वंशावळी गोळा केल्या.

१९५३ च्या नातेसंबंधांवरील ग्रंथात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग केले. उत्तरेत नात्यातले आणि गावातले लग्न निषिद्ध, तर दक्षिणेत मामाची, आत्याची मुलगी, कुठे भाचीही चालते. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. इथे बऱ्याच जातींत मुलासाठी मामाची मुलगी चालते, नव्हे पसंत केली जाते, पण आत्याची मुलगी चालत नाही. या नियमाची खूण घरोघरच्या बोलण्यात उरली आहे. जुन्या पिढीतली सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणे. मामाच्या मुलीने आत्याच्या मुलाशी लग्न केले, की तिची सासू खरोखरच आत्या असते आणि आत्याच्या यजमानांना मराठीत मामा म्हणतात. अशी लग्ने न होणाऱ्या घरांतही ही संबोधने चालत राहिली. नियम मोडला तरी शब्द मागे राहतो आणि समाजशास्त्राला तो पुरावा म्हणून वापरता येतो.

इरावतीबाईंचा पंढरीच्या वारीवरचा लेख मराठीत गाजला आणि १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर परदेशी नियतकालिकात आले. दिवसभर एकाच दिंडीत, एकाच टाळावर पाऊल टाकणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळ्या पंगतींत बसतात, ही त्यातली नोंद बोलकी आहे. भक्तीने माणसे एका वाटेवर आणली. ताट मात्र एक झाले नाही. त्याच लेखात महाराष्ट्राची ओळख त्यांनी पंढरीला जाणाऱ्या लोकांचा प्रदेश अशी सुचवली. वर्णव्यवस्थेच्या पोथीतून जाती फुटल्या हे मत त्यांना मान्य नव्हते. वेगवेगळ्या जमाती शेजारी येऊन अंतर न मोडता एकत्र राहिल्या आणि त्यातून जातींची वीण तयार झाली, असे त्यांचे म्हणणे होते.

पोथीतली जात आणि गावातली जात

म्हैसूरहून मुंबईला आलेले एम. एन. श्रीनिवास हेही घुर्ये यांचे विद्यार्थी. ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांची दिशा बदलली. पुस्तकी दृष्टी आणि क्षेत्रीय दृष्टी असा भेद त्यांनी ठामपणे मांडला. पोथीत चार वर्ण असतात आणि गावात वीस-पंचवीस जाती. पोथीत क्रम पक्का असतो. गावात तो कायम वादात असतो. खालची मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार उचलते, मांसाहार किंवा दारू सोडते, व्रतवैकल्ये धरते आणि एक-दोन पिढ्यांनी वरचा मान मागते. या प्रक्रियेला १९५२ च्या कूर्ग अभ्यासात त्यांनी ‘संस्कृतीकरण’ म्हटले. अनुकरणाचा हाच धागा छत्तीस वर्षांपूर्वी आंबेडकरांच्या कोलंबियातल्या निबंधात होता, याची दखल अभ्यासक्रमांनी फार उशिरा घेतली.

श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात मुक्काम केला. ग्रंथात त्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिले. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे आगीत त्यांची टिपणे जळाली. मग आठवणीतून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९७६ मध्ये आला. ‘प्रभुत्वशाली जात’ ही त्यांची संकल्पना महाराष्ट्राला नेमकी लागू पडली. संख्येने मोठी, जमीन राखून असलेली आणि सत्तेच्या जागी पोचलेली जात गावाचा कारभार कसा चालवते, हे १ मे १९६२ रोजी सुरू झालेल्या जिल्हा परिषदा, सहकारी साखर कारखाने आणि जिल्हा बँका यांच्या अभ्यासातून दिसत गेले. ‘व्होट बँक’ हा आज वृत्तपत्रात रोज येणारा शब्दही श्रीनिवास यांच्याच लेखनातून पसरला.

मुंबईतच ए. आर. देसाई यांनी वेगळी वाट धरली. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा १९४८ चा ग्रंथ मार्क्सवादी पद्धतीने रेल्वे, छापखाने, नवी जमीनव्यवस्था आणि नवे वर्ग यांतून राष्ट्रवाद कसा घडला ते सांगतो. घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांचा दुसरा एक गट कुटुंबाकडे वळला. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा गावात पाहणी करून १९६४ मध्ये दाखवले की वेगळी चूल म्हणजे विभक्त कुटुंब असे समीकरण फसवे आहे. माणसे वेगळी राहतात, पण मालमत्ता, जबाबदाऱ्या आणि सणवार एकत्र असतात. गिरणगावात खोली भाड्याने घेऊन गावी मनीऑर्डर पाठवणारा आणि गणपतीला कोकणात परतणारा चाकरमानी हे त्याचे महाराष्ट्रातले उदाहरण.

शास्त्र कामाला लागते तेव्हा

भारतात समाजशास्त्राचा थेट उपयोग तीन ठिकाणी विशेष झाला. पहिले ठिकाण विस्थापनाचे. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी केली आणि तिचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. धरणाच्या हिशेबात पैशात मांडता येणाऱ्या जमिनी होत्या. पाहणीत मात्र फुटलेली भावकी, तुटलेले सोयरसंबंध आणि नव्या गावात परकी ठरलेली माणसे दिसली. पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये कायदा केला.

दुसरे ठिकाण जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि सरकारी भाषेत ‘विमुक्त’ हा शब्द आला. कायदा गेला तरी पोलिसी नजर लगेच गेली नाही. ती कशी टिकते हे पाहणे हा भटक्या-विमुक्तांवरील अभ्यासाचा मोठा भाग आहे.

तिसरे ठिकाण आरक्षणाचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या होत्या. १९८० च्या मंडल आयोगाला सामाजिक मागासलेपण ठरवण्यासाठी निकष लागले, ते समाजशास्त्रज्ञांच्या मदतीने आखले गेले. लोकसंख्येचा अंदाज बांधायला मात्र आयोगाला १९३१ च्या शिरगणतीकडेच वळावे लागले, कारण सर्व जातींची पूर्ण नोंद असलेली ती शेवटची शिरगणती होती.

पाहणारा कोण?

१९७० नंतर प्रश्नाचा रोख अभ्यासकाकडेच वळला. इतकी वर्षे पाहणी करणारे बहुतेक जण शिकलेल्या उच्च जातींतले होते आणि ज्यांची पाहणी होत होती ते नव्हते. अमेरिकेहून आलेल्या आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावी स्थायिक झालेल्या गेल ऑम्वेट यांनी १९७६ च्या ग्रंथात पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीला सांस्कृतिक बंडाचे स्थान दिले आणि फुले व त्यांचा सत्यशोधक समाज पुन्हा समाजशास्त्राच्या मध्यभागी आणले.

याच काळात दलित आत्मकथने आली. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्रे यांच्या पुस्तकात बलुते हे गावाच्या हिशेबातले एक माप होते. पवार यांच्या पुस्तकात तोच शब्द हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून आला. एका शब्दाच्या या दोन वापरांमध्ये महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास मावतो. मधल्या काळात १९५८ च्या कायद्याने महार वतनासारखी कनिष्ठ वतने रद्द झाली होती. पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी २००६ च्या ग्रंथात बेबी कांबळे यांच्यासारख्या दलित स्त्रियांची आत्मकथने समाजशास्त्रीय साक्ष म्हणून वाचली आणि जात व स्त्रीत्व हे प्रश्न वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवण्याची सवय मोडली. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध त्यानंतर वर्गात मुळारंभ म्हणून वाचला जाऊ लागला.

पुन्हा शिरगणती

१९३१ नंतर सर्व जातींची गणना शिरगणतीत झाली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली गेली, पण जातवार आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. पुढच्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि तिचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरला. रिस्लींच्या वेळी रकाना भरताना मान वर चढवण्याची धडपड होती. आता तोच रकाना हक्क मागण्याचे साधन आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा जातीचे नाव आणि माणसांची संख्या मिळेल. ती जात लग्नाच्या बैठकीत, जेवणाच्या पंगतीत आणि भाड्याने खोली मागताना कशी वावरते, हे जाणण्यासाठी मात्र आत्रे आणि मान यांच्यासारखेच घरोघर जावे लागेल.